पाटी हरवलेली मोटार

वऱ्हाडात यंत्रे आणली ती कापसाने. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला भाव चढला. पुढे रेल्वे आली, कारंजा-वाशीमच्या बाजारपेठांत जिनिंगचे कारखाने उभे राहिले. तिथे एक इंजिन धडधडे, लांब शाफ्ट फिरवी आणि शाफ्टवरच्या पट्ट्यांनी ओळीने सरकी काढणारे रेचे चालत. पट्टा तुटला की तो रेचा थांबे. इंजिन थांबले की सगळा कारखाना.

विजेच्या मोटारीने ही साखळी तोडली. टेस्लाला एसी इंडक्शन मोटारीचे पेटंट 1888 मध्ये मिळाले. मराठी मुलुखाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख म्हणजे 1946: त्या वर्षी किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी काढली. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झाले, खेड्यांत तारा पोहोचत गेल्या, आणि विहीर, पिठाची गिरणी, आरा-यंत्र यांना आपापली मोटार मिळाली.

या मोटारी मालकापेक्षा जास्त जगतात. त्यांच्यावरची माहितीची पाटी मात्र टिकत नाही: रिबिटे तुटतात, गंज अक्षरे खातो, रंगाचा हात वरून फिरतो. मग भंगारातून आलेल्या मोटारीची ओळख पटवायची वेळ मोटारी रिवाइंड करणाऱ्या वाइंडरवर येते.

तो आधी मापे घेतो. पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत 90 मिलिमीटर आणि शाफ्टचा व्यास 24 मिलिमीटर भरला, तर फ्रेम 90 नंबरची; चार पोलची असेल तर साधारण दीड ते दोन हॉर्सपॉवर. मापे इंचांत नेमकी बसली, तर मोटार 1956 च्या मेट्रिक कायद्याआधीच्या वळणाची असू शकते. मग तारा. तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स सारखा आला तर थ्री फेज. एक जाड तारेचे आणि दुसरे बारीक, जास्त रेझिस्टन्सचे असेल तर सिंगल फेज. वेग पोलवर ठरतो. 36 स्लॉटांत कॉइलची झेप 8-9 स्लॉटांची असेल तर चार पोल, म्हणजे लोडवर मिनिटाला सुमारे 1440 फेरे. शेवटी 500 व्होल्टचा मेगर लावायचा. इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली गेले असेल, तर मोटार सुकवल्याशिवाय किंवा रिवाइंड केल्याशिवाय लाइनला जोडायची नाही.

अशी ओळखलेली मोटार सुताराच्या रंध्याला, लोहाराच्या भात्याला किंवा ग्राइंडरला पुन्हा कामाला लागते. इथे वेगाची चूक जिवावर बेतते. मिनिटाला 2880 फेऱ्यांवर ग्राइंडरची आठ इंची साण सेकंदाला सुमारे 31 मीटर वेगाने धावते. त्याच शाफ्टवर बारा इंची चढवली तर 46 मीटर. साध्या साणेची मर्यादा 33 च्या आसपास असते, त्यापुढे ती फुटू शकते.

टर्न्स, तारेचा गेज, कॉइलची झेप हे सारे वाइंडर वहीत टिपून ठेवतो. 1905 मध्ये अकोल्यात विलीन झालेला आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा वेगळा झालेला वाशीम जिल्हा आपला इतिहास गोळा करील, तेव्हा कापसाच्या हिशेबांशेजारी या तेलकट वह्यांनाही जागा मिळायला हवी. यंत्रे गावात कशी पोहोचली आणि किती वर्षे राबली, याची इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे सापडणे कठीण.