पत्तेदाराचा पत्ता

कन्नडमध्ये डिटेक्टिव्ह कादंबरीला 'पत्तेदारी कादंबरी' म्हणतात. मराठी वाचकाला यातला एकही शब्द परका नाही. 'पत्ता' तर आपला रोजचाच, आणि बाणभट्टाच्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला दोन्ही भाषांनी दिलं. तरी हा जोडशब्द मराठीत आला नाही. आपण 'रहस्यकथा' म्हणत राहिलो. कन्नडचं लक्ष शोधणाऱ्यावर, आपलं दडलेल्या गोष्टीवर. हिंदीने 'जासूस' धरला. गोपालराम गहमरींनी १९०० साली त्याच नावाचं मासिक काढलं. बंगालीत १८९२पासून 'दारोगार दप्तर' निघत होतं आणि त्याचे लेखक प्रियनाथ मुखोपाध्याय स्वतः पोलीस खात्यातले होते.

भाषांतर करताना हा फरक अडतो. मराठीतला 'गुप्तहेर' सरकारचाही असतो आणि खाजगीही. शत्रूच्या गोटात शिरणारा आणि शेजाऱ्याच्या खुनाचा छडा लावणारा, दोघांना एकच शब्द. एन. नरसिंहय्यांचा 'पत्तेदार पुरुषोत्तम' मराठीत आणायचा तर त्याला काय म्हणायचं? मी 'पत्तेदार'च ठेवीन. वाचकाला दोन पानांत कळेल.

बंगळुरूत बसून नव्या गुन्हेगारी कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिताना मात्र वेगळी अडचण येते. अनिता नायर यांचा इन्स्पेक्टर गौडा २०१२मध्ये आला. हरिणी नागेंद्र यांची 'द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' २०२२ची, कथा १९२१च्या बंगळुरूत घडणारी. या इंग्रजी पुस्तकांवर भरपूर लिहिलं गेलं. पण याच राज्यात नरसिंहय्यांनी कन्नडमध्ये शेकडो कादंबऱ्या लिहिल्या, मुंबईत बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर पुस्तकं लिहिली, आणि त्यांची दखल घ्यायला समीक्षेला फारशी सवड झाली नाही. झुंजार आणि काळा पहाड घरोघरी ठाऊक होते. होम्स-वॉटसनच्या वळणाची धनंजय-छोटू ही जोडीही. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो.

ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली. वाचनालयातून भाड्याने नेलेली, हातोहात फिरून फाटलेली. जे जास्त वाचलं गेलं तेच आधी संपलं. ज्या पुस्तकाची प्रत उरली नाही आणि परीक्षणही नाही, त्याचं फक्त नाव राहतं, कधी तेही नाही. मग आजच्या इन्स्पेक्टरचा पूर्वज म्हणून आपण थेट लंडनच्या बेकर स्ट्रीटकडे बोट दाखवतो. मधली सत्तर-ऐंशी वर्षं, गिरगाव आणि मॅजेस्टिकसकट, गळून जातात.

म्हणून माझं परीक्षण थोडं रुक्ष असतं. खुनी कोण ते सांगत नाही. पण प्रकाशक, किंमत, आवृत्ती, कथेतलं पोलीस ठाणं, हवालदार कुठल्या बोलीत बोलतो आणि मूळ कल्पना कुठून उचललेली दिसते, हे लिहितो. पन्नास वर्षांनी कुणाला पुस्तक मिळालं नाही, तरी त्याचा पत्ता लागावा.