जळिताची जखम आणि अंतःस्राव

आग विझली तरी भाजलेल्या रोग्याचा देह आतून झिजतच राहतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. या झिजेच्या मुळाशी अ‍ॅड्रिनॅलिनसारखे अंतःस्राव आहेत, असे १९७४ साली अमेरिकेत विल्मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. संकटात धावून येणारा हा रक्षक नंतर घरातच ठाण मांडतो!

पुढे वाढीचा अंतःस्राव टोचून पाहिला. १९९० साली भाजलेल्या मुलांत कलमासाठी सोललेली जागा लवकर भरली. पण १९९९ साली अत्यवस्थ प्रौढांत त्याने मृत्यू वाढले. २००१ साली हर्नडन यांनी १३ भाजलेल्या मुलांना प्रोप्रॅनोलॉल देऊन अ‍ॅड्रिनॅलिनलाच आवर घातला. नाडी मंदावली, स्नायूंची झीज थांबली. उपचार म्हणजे केवळ भर घालणे नव्हे, हे आपण यातून शिकावे.