मूलपेशी संशोधन : स्वागत कशाचे, विरोध कशाला?

बडनेरा स्थानकावरून रात्रीच्या गाडीने उपचारासाठी मुंबईला निघालेली कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. अलीकडे त्यांच्यापैकी काहींच्या हाती 'स्टेम सेल' उपचाराची जाहिरातही असते. "फादर, ख्रिस्तसभेचा याला विरोध आहे ना?" असा प्रश्न मग आम्हाला विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण सर्व मूलपेशी एकाच मार्गाने मिळत नाहीत.

ज्या पेशींपासून शरीरातील इतर पेशी घडतात त्यांना मूलपेशी म्हणतात. त्या प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत असतात, तशाच नवजात बालकाच्या नाळेतील रक्तातही असतात. त्या घेताना कोणाचा जीव जात नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींना भावंडाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींच्या प्रत्यारोपणाने रोगमुक्ती मिळू शकते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक, आणि खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा; अडचण आहे ती ही. दात्याची सुरक्षा व संमती सांभाळली तर नैतिक आक्षेपाला येथे जागा नाही. श्रद्धासिद्धान्त मंडळाच्या 'डिग्नितास पर्सोने' (२००८) या मार्गदर्शक लेखाने अशा संशोधनाला उत्तेजनच दिले आहे.

भ्रूण मूलपेशींची गोष्ट निराळी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून त्या प्रथम वेगळ्या केल्या. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या आतील पेशी यासाठी काढून घेतल्या जातात आणि त्यातच तो भ्रूण नष्ट होतो.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. त्या तंत्राचा प्रसार झाला तसे वापराविना उरलेले भ्रूण शीतपेटीत साठू लागले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सरकारी निधी त्यापूर्वीच तयार असलेल्या भ्रूणपेशींपुरता मर्यादित केला, तेव्हा अमेरिकेने प्रसिद्ध केलेल्या ६४ 'सेल लाइन'च्या यादीत १० भारतातील होत्या : मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ व बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या ३. पुढे परळ येथील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही अशा पेशी तयार करण्यात आल्या.

"या पेशींतून काहीच निष्पन्न होणार नाही" असे आपल्यातील काही वक्ते आजही सांगतात. आम्हाला हा युक्तिवाद दुबळा वाटतो. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात पार्किन्सनच्या १२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. भ्रूणपेशींपासून बनवलेला उपचार त्यात सुरक्षित आढळला, सुधारणेची चिन्हेही दिसली. ख्रिस्तसभेचा आक्षेप प्रयोग फसण्यावर कधीच उभा नव्हता. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवाचा आदर व्हावा, ही 'डोनुम वीते' (१९८७) मधील शिकवण प्रयोग यशस्वी झाला तरी तशीच राहते.

त्याच महिन्यात त्याच नियतकालिकात जपानच्या क्योतो विद्यापीठाची चाचणीही आली. तेथे ७ रुग्णांसाठी वापरलेल्या पेशी प्रौढ दात्याच्या साध्या पेशींचे रूपांतर करून मिळवल्या होत्या. शिन्या यामानाका यांनी ही पद्धत २००६ मध्ये उंदरांच्या व २००७ मध्ये मानवी पेशींवर सिद्ध केली. २०१२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

जाहिरातींविषयी थोडे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मूलपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणून केवळ रक्तविकारांसाठीच्या प्रत्यारोपणांना मान्यता दिली. बाकी सर्व मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे मागितले जात असतील तर शेत विकण्यापूर्वी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राहिला प्रश्न शीतपेटीतील भ्रूणांचा. २०२१ च्या कायद्यानुसार ते जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतात. नंतर त्यांना नष्ट होऊ द्यायचे किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यायचे. 'डिग्नितास पर्सोने' येथे प्रांजळ आहे : या भ्रूणांवर झालेला अन्याय पूर्णतः निस्तरण्याचा मार्ग नाही, असे तो म्हणतो. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच, किती भ्रूण तयार करणार आणि उरलेल्यांचे काय करणार, हे दांपत्याने डॉक्टरांना विचारावे. संमतिपत्रात त्याचा रकाना असतो. तो बहुधा न वाचताच भरला जातो.