नांगर, वाकस आणि आरसा

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणारा माणूस आधी छताकडे पाहतो. लाकडी फासळ्यांचे कौतुक करून झाले की नजर खांबांवर उतरते. दाराशी कोरलेल्या अक्षरांकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जातच नाही. तिथे आपण क्षणभर थांबू. धेनुकाकट गावचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सिंहदत्त याने दर्शनी दाराचे दान दिल्याची एक नोंद आहे. दुसरी नोंद त्याच गावच्या सुताराची: वेणुवासाचा मुलगा सामी याने या घराचे तोंड घडवले. आत खांबाखांबावर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत आणि त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. मावळात माणसांनी मिळून केलेल्या कामाची मिळून राखलेली एवढी जुनी नोंद दुसरी क्वचितच असेल. याच लेण्यातल्या सातवाहनांच्या एका आज्ञेत ‘मामाल’ हे नाव येते. करजक नावाचे गाव वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना दिल्याचा तो हुकूम. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने ते गाव आधीच दिले होते. राज्य पालटले तसे दानही नव्या राजाच्या नावे नव्याने लिहावे लागले. मामालचे मावळ झाले, पण हक्क बदलला की नवा कागद, हा शिरस्ता गेला नाही.

यानंतर आपण दीडएक हजार वर्षे ओलांडून शिवकालात येतो, कारण मावळी इतिहासलेखनाची खरी गंमत इथे आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, आणि दक्षिणेकडची रोहिडखोरे, कानदखोरे यांसारखी खोरी, असा तो बारा मावळांचा मुलूख. देशमुखी नाहीतर पाटीलकी कोणाची, हा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापला करीना मांडत: आमचा मूळ पुरुष कोण, त्याने कोणती चाकरी केली, कोणी कोणाला मारले, वतन कसे गेले आणि कसे परत मिळाले. मग गोतसभा, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांची न्यायसभा, बसे. तिचा निवाडा महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, उतरे आणि त्याखाली सगळ्यांची साक्ष पडे. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. मला हे कागद कोणत्याही बखरीपेक्षा जास्त भावतात. बखरकार एकटा असतो, त्याला धनी असतो. महजरात साऱ्या गावाला एका वाक्यावर यावे लागे, आणि शेजारी बसलेला खोटे खपवून घेत नसे. अर्थात हे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, वतनाच्या लोभाने. त्या लोभाचे आपल्यावर उपकारच आहेत.

1818 मध्ये लोहगड-विसापूर इंग्रजांच्या हाती गेले. 1858 मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे आली, 1863 मध्ये बोरघाट जोडला गेला आणि मुंबईहून कार्ल्याला येणे सोपे झाले. पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांचे शिलालेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 मध्ये प्रसिद्ध केले, 1885 मध्ये पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. माहिती चोख, पण ती सरकारसाठी. घरोघरच्या मोडी कागदांना हात घातला तो इतिहाससंशोधक राजवाड्यांनी. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, पुढे खंडेराव मेहेंदळ्यांसह त्यांनी 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. कोणी एक कागद आणावा, वाचावा, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडावे, असा तिथला खाक्या. जणू गोतसभाच पुन्हा भरली. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेध्यांच्या घरी राहिलेली शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंद, टिळकांनी 1916 मध्ये प्रकाशात आणली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद पेटला. आज 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख आपण सहज उच्चारतो; तिच्यामागे एका मावळी घराने सांभाळलेले जुने टिपण आहे.

पुणे-खंडाळा रेल्वेवरचे कामशेत हे छोटे स्टेशन मराठी इतिहासात आले ते रियासतकारांमुळे. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि 1925 नंतर इंद्रायणीकाठी कामशेतला राहिले. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड त्यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात निघाले. कलकत्त्याचे इतिहासकार जदुनाथ सरकार त्यांच्याकडे कामशेतला येत, आणि दोघांचा पत्रव्यवहार अर्धशतक चालला. एक बंगाली, एक मराठी. पुण्याच्या मंडळींचे या जोडीशी फारसे पटले नाही, कागद कोणी पाहावेत यावरूनही रुसवेफुगवे झाले. पण गोतसभेत तंटा नसेल तर ती बसेल कशाला? सरदेसाई 1959 मध्ये कामशेतलाच वारले.

त्यानंतर दहाएक वर्षांनी कामशेतजवळच्या पाले गावातल्या गुहेतला ब्राह्मी लेख हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी वाचला. ‘नमो अरहंतानं’ असा आरंभ आणि इंदरखित या दात्याचे नाव. लेणे जैनांचे निघाले. 2019 मध्ये लोहगडाच्या कड्यात हिंडणाऱ्या पुण्याच्या भटक्यांना तशीच अक्षरे दिसली. त्यांनी ती अभ्यासकांना दाखवली, आणि पुन्हा इंदरखितच भेटला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एकाच माणसाची दोन दाने जुळायला पन्नास वर्षे लागली; तीही डोंगर पायाखाली घालणारे आणि लिपी वाचणारे एकत्र आले म्हणून. 11 जुलै 2025 रोजी लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. आता तिथे फलक लागतील, पाहुणे वाढतील. गावातल्या वाड्यांकडे मात्र कोणी फिरकणार नाही. द्रुतगती मार्गाने जमिनींना भाव आला तसे मावळातले जुने वाडे पाडून इमारती उठत आहेत, आणि माळ्यावरचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागद, भंगारवाल्याच्या काट्यावर चढत आहेत. तुमच्या घरी असा एखादा रुमाल असेल, तर तो विकण्यापूर्वी एकदा मोडी जाणणाऱ्याला उलगडून दाखवा. तळाशी नांगर, वाकस किंवा आरसा काढलेला दिसला, तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरी द्या.