रोजगार फलकाची वर्गणी : कोणाकडून आणि किती?

समान व्यवसायातील माणसे महाजालावर एकत्र आली, की काही काळाने त्यांच्यात नोकऱ्यांची देवाणघेवाण आपोआप सुरू होते. कुणाला हाताखाली माणूस हवा असतो, कुणी नव्या जागेच्या शोधात असतो. या व्यवहारास स्वतंत्र स्थान दिले, की तो त्या समूहाचा रोजगार फलक ठरतो. प्रत्येक जाहिरात खरी आहे की नाही हे पाहणाऱ्या माणसाचा वेळ हा फलकाचा मोठा खर्च. तो भागविण्यासाठी शुल्क कोणाकडून घ्यावे, हा पहिला आणि सर्वांत नाजूक प्रश्न होय.

रूढ उत्तर ‘नोकरी देणाऱ्याकडून’ असे आहे. क्रेग न्यूमार्क यांनी १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ई-मेल यादीच्या रूपाने सुरू केलेल्या क्रेग्जलिस्टने हाच मार्ग धरला. तेथे बहुतेक सारे मोफत राहिले. मात्र २००४ मध्ये नोकरीच्या एका जाहिरातीस सॅन फ्रान्सिस्कोत ७५ डॉलर, तर न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथे २५ डॉलर पडत. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ साली सुरू केलेल्या नोकरी डॉट कॉमचे मुख्य उत्पन्नही भरती करणाऱ्या कंपन्यांकडूनच येत आले आहे. उमेदवारांसाठी तेथे काही सशुल्क सेवा आहेत, परंतु अर्ज करण्यास पैसे द्यावे लागत नाहीत.

याउलट प्रयोग प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या समूहाने २००९ मध्ये करून पाहिला. आपली माहिती कंपन्यांपुढे ठेवण्यासाठी उमेदवारानेच शुल्क भरावे, अशी ती योजना होती. २०११ पर्यंत ती मागे पडली आणि निमंत्रणावर आधारित मोफत प्रवेश आला. (तो रोजगार विभागच मार्च २०२२ अखेर बंद झाला.) नोकरी गमावलेल्या माणसाच्या खिशात हात घालणारा फलक त्याच्या मनात संशय निर्माण करतो, नोकरीचे आमिष दाखवून आगाऊ पैसे उकळणारे भामटेही नेमकी हीच रीत वापरतात.

शुल्क गाळणीचेही काम करते. क्रेग्जलिस्टने २००६ मध्ये न्यूयॉर्कमधील घरदलालांच्या जाहिरातींवर दहा डॉलर आकारले, त्यामागे एकच जाहिरात पुन:पुन्हा टाकण्यास आळा घालण्याचा हेतू होता. नाममात्र रक्कमसुद्धा हे साधते.

प्रत्यक्ष दर ठरविताना मोठी चूक होते ती ‘वर्षभर अमर्याद जाहिराती’ या योजनेत. समजा, एका जाहिरातीचे हजार रुपये आणि वार्षिक वर्गणी आठ हजार ठेवली. वर्षाला दोन माणसे घेणाऱ्या छोट्या कार्यालयास ती निरुपयोगी. नवव्या जाहिरातीपासूनच ती किफायतशीर ठरते. म्हणजे ती घेणार सतत भरती करणारी मोठी कंपनी किंवा भरती करून देणारा मध्यस्थ. त्याला जाहिरातीची संख्या मोजावी लागत नसल्याने जागा रिकामी नसतानाही केवळ अर्ज जमविण्यासाठी जाहिरात लटकत राहते. उत्तर न मिळालेले दहा अर्ज केले, की सभासद फलकाकडे पाहणे सोडतो. आणि वाचणारेच उरले नाहीत तर पैसे देणारे तरी कशाला येतील? म्हणून वर्गणीदाराला ‘एका वेळी पाच चालू जाहिराती’ अशी मर्यादा घालणे शहाणपणाचे. जाहिरात तीस दिवसांनी आपोआप उतरावी, जागा भरल्यास आधीच. छोट्यांसाठी वर्षभर केव्हाही वापरता येणारा पाच जाहिरातींचा संच ठेवावा. भरती थांबली तरी त्याचे पैसे बुडत नाहीत. शुल्क भरून वर चढविलेल्या जाहिरातींवर तसा स्पष्ट उल्लेख हवा आणि त्यांची संख्या दोन-तीनपलीकडे जाऊ नये.

सुरुवातीला वाचक नसतात, तेव्हा शुल्क घेण्यात अर्थ नसतो. परंतु ते पुढे लागू होणार हे पहिल्या दिवशीच सांगावे. आधी आलेल्यांना जुना दर काही काळ चालू ठेवल्यास कुरबुर टळते.

भारतात नूतनीकरणाचे नियमही पाहावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने रक्कम वळती करण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकास सूचना जावी लागते. नोव्हेंबर २०२३ मधील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत, वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे ही अनुचित प्रथा मानली आहे. नोंदणीकृत चालकाला अशा सेवेवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लावावा लागतो. तेव्हा दरपत्रकात रक्कम करासह आहे की करावेगळी, हे तेथेच लिहावे.