दोन सभागृहे आणि एक हुंडा

दिवाळी सरते, अंगणातल्या वृंदावनापाशी उसाच्या मांडवात तुळशीचे लग्न लागते, आणि मग घराघरांतून माणसांच्या लग्नांच्या गोष्टी निघू लागतात. पत्रिका हिंडू लागतात, मध्यस्थ चहाला येऊन बसतात आणि मुलाकडचे कोणीतरी घसा खाकरून म्हणते, "आम्हाला तसं काहीच नको. तुमच्या मुलीच्या अंगावर तुम्ही काय घालाल ते घाला." या वाक्यातल्या 'तसं' आणि 'काहीच' या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय करावा, यासाठी आपल्या देशाची दोन्ही सभागृहे एकदा एका छताखाली येऊन बसली होती, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. सीमेचा तंटा नव्हे, कराचा प्रश्न नव्हे. प्रजासत्ताक भारताच्या संसदेची पहिली संयुक्त बैठक भरली ती हुंड्यासाठी. दिवस होता शनिवार, ६ मे १९६१.

मी पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. 'विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते?' हा प्रश्न परीक्षेत हमखास येई आणि मुले 'पहिले वाचन, दुसरे वाचन, तिसरे वाचन' असे रामरक्षेसारखे म्हणून दाखवीत. त्यांना ते पाठ असे, पण त्यात कोठे माणूस दिसत नसे. म्हणून मी हुंड्याच्या विधेयकाची गोष्ट सांगू लागले. वर्गातल्या मुली, ज्या एरवी खिडकीबाहेर पाहत बसत, त्या मान वळवून ऐकू लागल्या.

हुंडा कायद्याने थांबवावा, ही कल्पना काही दिल्लीत प्रथम सुचली असे नाही. सिंध प्रांताने १९३९ सालीच 'देती-लेती'चा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर बिहारने १९५० मध्ये आणि आंध्र प्रदेशाने १९५८ मध्ये आपापले कायदे केले. पण अखिल भारतासाठी एक कायदा हवा, ही मागणी संसदेच्या आत आणि बाहेर सारखी होत राहिली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला, तेव्हा आता हुंड्याची गरज उरणार नाही, अशी आशा काहींना होती. ती फोल ठरली, हे वाचकांना निराळे सांगायला नको. अखेर २४ एप्रिल १९५९ रोजी सरकारने लोकसभेत हुंडा प्रतिबंधक विधेयक मांडले.

मांडणे म्हणजे पहिले वाचन. 'वाचन' हा शब्द इंग्लंडातून आलेला आहे. तेथे छापील प्रती मिळत नसत त्या काळी विधेयक सभागृहात मोठ्याने वाचून दाखवीत; पुढे छापखाने आले, पण शब्द राहिला. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वाची चर्चा होते आणि मग एकेक कलम, एकेक शब्द घेऊन दुरुस्त्या सुचविल्या जातात. तिसऱ्या वाचनात सगळे मिळून मंजूर की नामंजूर, एवढेच ठरते. घरातली उपमा द्यायची तर पहिले वाचन म्हणजे स्थळ आले आहे असे कानावर घालणे, दुसरे म्हणजे बोलणी आणि याद, आणि तिसरे म्हणजे अक्षता. खरी झटापट बोलण्यांतच होते, हे ज्यांनी मुलांची लग्ने केली आहेत ते जाणतात.

या विधेयकाची बोलणी खोल गेली. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. अशा समितीत पक्षांचे लोक टेबलाभोवती बसून शब्दांचा कीस काढतात. गॅलरीत प्रेक्षक नसतात, त्यामुळे भाषणे आखूड होतात आणि काम जास्त होते. माझे तर मत असे आहे, की संसद पाहायची असेल तर सभागृहातला गोंधळ पाहू नये, समित्यांचे अहवाल वाचावेत. अर्थात ते वाचायला मिळतात, पाहायला नव्हे. आणि तेच नेमके कोणी वाचत नाही.

सरकारच्या मूळ मसुद्यात एक मजेदार आकडा होता. लग्नात रीतीप्रमाणे दिले जाणारे कपडे, दागिने वगैरे जिन्नस दोन हजार रुपयांपर्यंतचे असतील तर त्यांना हुंडा म्हणू नये, असे त्यात होते. हेतू असा, की कायदा अमलात आणता यावा. पण दोन हजार ही रेघ काढायची कशी? शेतमजुराच्या घरी दोन हजार म्हणजे जन्माची कमाई आणि सावकाराच्या घरी एका पाटलीची किंमत. अंतिम कायद्यात हा आकडा उरला नाही. त्याऐवजी एक स्पष्टीकरण आले: लग्नाच्या वेळी दिलेल्या रोख रकमा, दागिने, कपडे वगैरे भेटींना, त्या 'विवाहाचा मोबदला म्हणून' दिलेल्या नसतील तर, हुंडा समजू नये. हे तीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. त्यांची कहाणी पुढे यायची आहे.

विधेयक लोकसभेतून राज्यसभेत गेले. राज्यसभा म्हणजे नुसती शोभेची वडीलधारी मंडळी, असा एक समज आहे, तो बरोबर नाही. पैशाच्या विधेयकांत तिला फक्त चौदा दिवसांत सल्ला देता येतो, हे खरे. तिजोरीच्या किल्ल्या लोकसभेच्याच कमरेला आहेत. पण इतर विधेयके तिच्या संमतीवाचून पुढे सरकत नाहीत. शिवाय लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात आणि घर चालू राहते. या राज्यसभेने विधेयकात दुरुस्त्या केल्या. लोकसभेला त्या सगळ्या पटल्या नाहीत. राज्यसभेने आपला हट्ट सोडला नाही. वाद मुख्यतः हुंड्याच्या व्याख्येचा होता. देणे कोठे संपते आणि घेणे कोठे सुरू होते, भेट कोणती आणि सौदा कोणता, हा तो वाद. जो प्रश्न प्रत्येक घरात ओटीवर आणि माजघरात वेगवेगळ्या आवाजात बोलला जातो, तोच तेथे दोन सभागृहांत बोलला गेला.

असा पेच पडला तर काय करावे, हे घटनाकारांनी १०८ व्या अनुच्छेदात लिहून ठेवले होते. एका सभागृहाने विधेयक फेटाळले, किंवा दुरुस्त्यांवर अखेरपर्यंत एकमत झाले नाही, किंवा दुसऱ्या सभागृहाने ते सहा महिन्यांहून अधिक काळ तसेच ठेवले, तर राष्ट्रपती दोघांना एकत्र बसायला बोलावू शकतात. तेथे सगळे सभासद एका ओळीत. हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत होईल ते दोन्ही सभागृहांचे मत. लोकसभेचे सभासद राज्यसभेच्या दुपटीहून अधिक, तेव्हा पारडे कोणीकडे झुकणार हे उघड आहे. पण केवळ डोकी मोजण्यासाठी ही बैठक नसते. जी मंडळी दोन वेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांना निरोप पाठवीत होती, त्यांना समोरासमोर बसवून एकदा बोलायला लावणे, हाही तिचा एक हेतू आहे असे मला वाटते. अर्थविधेयकांना आणि घटनादुरुस्तीला मात्र हा मार्ग बंद आहे.

अकरा वर्षे हा अनुच्छेद कोणी वापरला नव्हता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी दोन्ही सभागृहांना बोलावले आणि बैठक भरली मध्यवर्ती सभागृहात. ज्या दालनात ९ डिसेंबर १९४६ रोजी घटनासमिती प्रथम बसली, तेच हे दालन. त्याआधी इंग्रजी अमदानीत तेथे ग्रंथालय होते. संयुक्त बैठकीचे अध्यक्षस्थान लोकसभेच्या अध्यक्षांकडे जाते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर १९५६ सालीच निवर्तले होते. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद. आपल्या संसदेच्या कितीतरी चालीरीती त्यांनी बसविल्या, पण हा प्रसंग आला तो त्यांच्यामागून आलेल्या अनंतशयनम् अय्यंगारांच्या वाट्याला.

पंडित नेहरू त्या दिवशी बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की खोल मुळे धरलेल्या सामाजिक प्रश्नांचा निकाल नुसत्या कायद्याने लागत नाही, त्यांना इतर मार्गांनीही भिडावे लागते. तरीही कायदा हवाच, कारण तो लोकमताला धक्का देतो, शिकवतो आणि वळण लावतो. कायदा मंजूर होण्याआधीच त्याच्या मर्यादेची कबुली देणारा पंतप्रधान विरळा. पण या भूमिकेत एक धोकाही होता, असे आज मागे वळून पाहताना मला वाटते. कायद्याचे काम शिकवणे, असे एकदा ठरले की त्याने शिक्षा करावी, याकडे थोडे दुर्लक्ष होते.

शनिवारी बैठक झाली, ती पुरी झाली मंगळवारी, ९ मे रोजी. मधला रविवार ७ मे. त्या दिवशी रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्माला शंभर वर्षे पुरी झाली. याच रवींद्रनाथांनी १८९१ साली 'देनापावना' नावाची कथा लिहिली होती. ठरलेला हुंडा पुरा न झाल्यामुळे सासरी झुरून मेलेल्या निरुपमाची ती कथा. दिल्लीतल्या त्या सभासदांपैकी कोणाला त्या रविवारी तिची आठवण झाली असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

विधेयक संमत झाले. २० मे १९६१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जुलैपासून कायदा लागू झाला. व्याख्या अशी रुंद, की मुलीच्या बापाने दिलेलाच नव्हे, तर एका पक्षाने दुसऱ्याला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष दिलेला कोणताही ऐवज तीत बसावा. म्हणजे 'शारदा' नाटकातला कांचनभट, जो मुलगी देताना पैसे घेतो, त्यालाही यातून सुटका नव्हती. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि मग काय झाले? फारसे काही नाही. गुन्हा अदखलपात्र, तेव्हा पोलीस आपण होऊन हात घालीत नसत. फिर्याद एका वर्षाच्या आत करायची. हुंडा मागितल्याबद्दल खटला भरायचा तर सरकारची आगाऊ मंजुरी आणायची. घेणारा जसा गुन्हेगार तसाच देणाराही, त्यामुळे मुलीच्या बापाने तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःचे हात पुढे करायचे. एवढ्यातून कोणी पार पडलाच तर शेवटी ते तीन शब्द उभे: 'विवाहाचा मोबदला म्हणून'. पाचशे माणसांसमोर दिलेली स्कूटर मोबदला म्हणून दिली की हौसेने, हे सिद्ध कसे करायचे? "आम्ही मागितले नव्हते, त्यांनीच दिले," हे वाक्य बचावाला पुरेसे होते. एकदा वर्गात एका मुलीने मला विचारले, "बाई, रुखवत म्हणजे हुंडा का?" मी म्हटले, "रुखवतातले लाडू नव्हेत; पण लाडवांमागे फ्रिज उभा असेल तर विचार करावा लागेल." मुली हसल्या. ती मात्र हसली नाही.

कायदा बदलण्याचे बीज पुढे एका मराठी बाईंनी टाकले. मुंबईतून निवडून आलेल्या प्रमिला दंडवते यांनी १९८० मध्ये लोकसभेत दुरुस्तीचे खासगी विधेयक आणले. मंत्री नसलेल्या सभासदाने मांडलेले ते खासगी विधेयक. त्यासाठी शुक्रवारचे थोडे तास राखून ठेवलेले असतात आणि अशी विधेयके मंजूर होणे फार क्वचित घडते. पण सरकारला जागे करणे त्यांना साधते. दोन्ही सभागृहांची पुन्हा संयुक्त समिती बसली आणि तिचा अहवाल १९८२ मध्ये आला. १९८४ च्या दुरुस्तीने 'मोबदला म्हणून' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'विवाहाच्या संबंधात' असे शब्द आले. ते शब्द घालवायला तेवीस वर्षे लागली. १९८६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली: हुंडा देण्याघेण्याला किमान पाच वर्षे कैद, आणि जिचा छळ झाला तिच्या जबानीवरून तिलाच देणाऱ्यांत गोवू नये, अशी सोय. त्याच वर्षी हुंडाबळी हा वेगळा गुन्हा म्हणून दंडसंहितेत आला. तोवर कितीतरी घरांतल्या स्टोव्हने पेट घेतला होता.

संयुक्त बैठका त्यानंतर दोनच झाल्या. १९७८ मध्ये बँकांच्या नोकरभरतीचा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी कायद्यासाठी. त्या गोल इमारतीला आता संविधान सदन म्हणतात आणि २०२३ पासून संसद शेजारच्या नव्या इमारतीत बसते.

कायद्याच्या पाठोपाठ आलेला एक नियम मात्र मला फार आवडतो. २ ऑक्टोबर १९८५ पासून तो लागू आहे. लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी लेखी ठेवायची. प्रत्येक वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे. आणि खाली वधूवरांनी दोघांनी सही करायची. आपल्याकडे आहेराची वही पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. मांडवाच्या कोपऱ्यात चष्मा लावलेले एक काका वही घेऊन बसतात आणि पाकिटावरचे नाव वाचून आकडा लिहितात. यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर त्या काकांना एवढेच सांगा, की मुलीला मिळालेल्या वस्तूंसाठी एक वेगळे पान ठेवा, आणि ते भरले की पेन तिच्या हाती द्या.