अहिल्याबाईंचे नेतृत्व : ऐकून घेण्याची साधना

माळव्यात वाढलेल्या मराठी माणसाला अहिल्याबाई होळकरांचे चरित्र नव्याने सांगावे लागत नाही. तथापि घाट आणि मंदिरे मोजण्यातच आपली भक्ती संपते, आणि त्या राज्य कसे करीत हा प्रश्न मागे राहतो. नेतृत्वाचा विचार करताना मला तोच प्रश्न मोलाचा वाटतो.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. दौलतीची सूत्रे हाती आली तेव्हा बाईंनी सर्व सत्ता स्वतःकडे ओढून घेतली नाही. लष्कर तुकोजी होळकरांकडे सोपविले आणि मुलकी कारभार महेश्वरी राहून स्वतः पाहिला. तुकोजी वयाने वडील असूनही बाईंना आईच्या ठिकाणी मानीत, आणि बाईंच्या आज्ञेने ते मल्हाररावांचे पुत्र म्हणवले जात, असे जॉन माल्कमने नमूद केले आहे. अधिकार देताना त्यासोबत मानही द्यावा लागतो, हे बाई जाणत होत्या. पैशावरून उभयतांत पुढे खटके उडाले. परंतु कामाची ही वाटणी बाईंच्या अखेरीपर्यंत टिकली.

माल्कमचा ग्रंथ १८२३ चा, म्हणजे बाईंच्या निधनानंतर २८ वर्षांनी निघालेला. त्याने माहिती गोळा केली ती लोकांच्या आठवणींतून. त्या आठवणींत बाईंच्या दिनक्रमाला मोठे स्थान आहे. पहाटे स्नान-पूजा, दुपारी दोनपासून सायंकाळपर्यंत दरबार, रात्री नऊनंतर पुन्हा कामकाज. पडदा न पाळता त्या दरबारात बसत आणि प्रत्येकाची तक्रार स्वतः ऐकत. सारा हलका ठेवावा आणि गावच्या वतनदारांचे हक्क राखावेत, हे त्यांच्या कारभाराचे मुख्य सूत्र होते. माणसे त्या वरचेवर बदलीत नसत. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ वाचून दाखविला, तोही त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मग नर्मदेत टाकावयास सांगितला! गाऱ्हाण्याला वेळ आणि स्तुतीला रजा, अशी ही रीत होती.

मग अशा व्यक्तीला सुख लाभले काय? १७९१ मध्ये जावई वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. बाईंनी परोपरीने विनविले. कन्येने ऐकले नाही. साऱ्या प्रजेचे दुःख निवारू पाहणारी ही राज्यकर्ती आपल्या लेकीला वाचवू शकली नाही. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, शब्दही उच्चारला नाही. त्यानंतर त्या पुन्हा कारभाराकडे वळल्या, आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत त्यातच राहिल्या. कामाने त्यांचे दुःख नाहीसे केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दुःखामुळे त्या लोकांना कठोर झाल्या नाहीत, आणि कामातील समाधान म्हणतात ते बहुधा याहून फार निराळे नसावे.

२०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. आपण त्यांना देवी म्हणतो, हे योग्यच. परंतु देवीला नमस्कार केला की तिचे अनुकरण करण्यातून आपली सुटका होते, ही त्यातली गोम आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येकांच्या हाताखाली आज माणसे काम करीत असतील. त्यांतला सर्वांत लहान माणूस तुमच्यापाशी येऊन मोकळेपणाने गाऱ्हाणे सांगू शकतो काय, एवढे ज्याने त्याने स्वतःशी तपासून पाहावे.